आमच्या घरात पत्ते वाटणारे दोघे होते

मृग लागला की आमच्या बेळगावजवळच्या खानापुरात लाईटचा भरवसा राहत नाही. कुठंतरी फांदी तारेवर पडते, लाईट जाते, येते, पुन्हा जाते. अंधाराची आम्हांला सवय आहे. आमच्याकडे खरी अडचण लाईट परत आल्यावर सुरू व्हायची. फायबरच्या डब्यावर हिरवे दिवे, लॅपटॉपवर वाय-फायच्या सगळ्या रेघा, आणि तरी इंटरनेट नाही. कधी इंटरनेट असायचं पण प्रिंटर ऑफलाइन. कधी सासूबाईंच्या मोबाइलवर कीर्तन व्यवस्थित चालू असायचं आणि त्याच वेळी माझ्या लॅपटॉपवर साधं एक पान उघडत नसे.

मी घरी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. बऱ्याच पत्रिका एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड असतात, त्यामुळे प्रूफं दोन-दोनदा काढावी लागतात. शिवाय गल्लीतली माणसं शेताचा उतारा किंवा मुलांच्या दाखल्याचा अर्ज छापून घ्यायला येतात. पत्रिका घेऊन माणसाला संध्याकाळच्या जांबोटीच्या गाडीला जायचं असतं, तो दारात उभा असतो आणि प्रिंटर ऑफलाइन. मदत क्रमांकावर फोन केला की कन्नडमध्ये उत्तर ठरलेलं: "रीस्टार्ट माड्री," म्हणजे रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केल्यावर कधी चालू व्हायचं, कधी नाही. चालू झालं तर का झालं आणि नाही झालं तर का नाही, हे कुणी सांगत नव्हतं. मला ते हवं होतं.

घराची रचना आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. घर जुनं, चिऱ्याचं. जांभ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं. फायबरची तार सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत येते, तिथंच कंपनीचा डबा आहे. त्याचं वाय-फाय एक भिंत कसंबसं ओलांडतं, दुसऱ्या भिंतीपलीकडं माजघरात पोचत नाही. माझं काम आणि प्रिंटर माजघरात. म्हणून बेळगावहून भावजी आले तेव्हा त्यांनी त्यांच्याकडचा एक जुना राउटर, म्हणजे वाय-फाय देणारा आणखी एक डबा, माजघरात बसवून दिला आणि सोप्यातल्या डब्यापासून तिथपर्यंत केबल ओढली. सिग्नलचा प्रश्न त्यानं पूर्ण सुटला.

भावजींचा मुलगा बेळगावात इंजिनिअरिंग करतो, त्याला नेटवर्कचा विषय आहे. मी त्याला फोनवर सगळी लक्षणं सांगायला लागले तर तो मध्येच म्हणाला, "काकू, लक्षणं राहू देत. आधी पत्ता बघा की. पत्ता बघितल्याशिवाय मलापण काही कळणार नाही."

पत्ता म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचा आकडा, आयपी पत्ता. तो बघणं सोपं आहे. विंडोजवर स्टार्टमध्ये रोमन अक्षरांत सीएमडी टाइप केलं की काळी खिडकी उघडते. तिच्यात आयपीकॉन्फिग टाइप करून एंटर दाबायचं. बऱ्याच ओळी येतात, त्यातल्या तीन कामाच्या: आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे. पहिली ओळ म्हणजे ह्या लॅपटॉपचा ह्या घडीचा पत्ता. तिसरी म्हणजे घराबाहेर जायचं तर कुणाच्या हाती द्यायचं, त्याचा पत्ता. दुसरीचं काम समजायला मला वेळ लागला आणि तीच सगळ्यात उपयोगी निघाली.

पुतण्यानं एक काम लावून दिलं. नेट चालू असेल तेव्हा त्या तीन ओळी वहीत लिहायच्या, बंद असेल तेव्हाही लिहायच्या. मी पत्रिकांच्या ऑर्डरच्या वहीतच मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत पान माझ्याशी बोलायला लागलं. नेट चालू असताना पत्ता १९२.१६८.१.१०४ असा असायचा आणि गेटवे १९२.१६८.१.१. बंद असताना पत्ता १९२.१६८.०.१०१ आणि गेटवे १९२.१६८.०.१. शेवटचा आकडा बदलायचा त्याला महत्त्व नव्हतं. तिसरा आकडा एक असला की चालू, शून्य असला की बंद. ह्याला अपवाद एकही नव्हता.

आता तो मास्क. पत्त्यात चार आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. आतून प्रत्येक आकडा आठ बिटांचा (एक बिट म्हणजे ० किंवा १), म्हणजे अख्खा पत्ता ३२ बिटांचा. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर त्याचा अर्थ असा की पहिले तीन आकडे नेटवर्क सांगतात आणि शेवटचा आकडा त्या नेटवर्कमधलं यंत्र. शेवटच्या जागेत २५६ आकडे बसतात. त्यातला शून्य नेटवर्कसाठी राखीव, २५५ सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, म्हणून यंत्रांना उरतात २५४. लॅपटॉपला काही पाठवायचं असलं की तो आधी स्वतःचे आणि समोरच्याचे पहिले तीन आकडे जुळवून बघतो. जुळले तर थेट पाठवतो. नाही जुळले तर ते बाहेरचं समजून गेटवेच्या हाती देतो.

हे कळल्यावर प्रिंटरचं कोडं तिथंच सुटलं. प्रिंटर १९२.१६८.१ वर होता. लॅपटॉप जेव्हा १९२.१६८.० वर असायचा तेव्हा हातभर अंतरावरचा प्रिंटर त्याला परका वाटायचा. तो छपाईचा मजकूर १९२.१६८.०.१ कडे द्यायचा, त्याला पुढची वाट माहीत नसायची, आणि पडद्यावर ऑफलाइन दिसायचं. प्रिंटर बिघडलेला नव्हताच. शाई बदलून, ड्रायव्हर काढून घालून ते कधीच सुटलं नसतं.

पण १९२.१६८ हेच आकडे का? मी शेजारच्या घरी जाऊन बघितलं, त्यांच्याकडेही १९२.१६८.१.१. माझ्या मनात आलं, दोन घरांचा एकच पत्ता असेल तर गोंधळ कसा होत नाही? उत्तर असं की हे पत्ते फक्त घरातल्या घरात वापरायचे आहेत. १९९६ साली इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी पत्त्यांचे तीन पट्टे खाजगी वापरासाठी बाजूला काढले: १० नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ नं सुरू होणारे. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून कितीही घरांत तेच असले तरी बिघडत नाही. बाहेर जाताना राउटर आतला पत्ता काढून स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला परत देतो. ३२ बिटांत साधारण ४२९ कोटी पत्ते बसतात. जगातल्या माणसांहून कमी. ते केव्हातरी अपुरे पडणारच होते, आणि २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. तरी आपल्या घरात दहा-दहा यंत्रं चालतात ती ह्या खाजगी पट्ट्यांमुळे.

मग मुख्य प्रश्न उरला. माझ्या लॅपटॉपला कधी १ चा पत्ता, कधी ० चा पत्ता देत कोण होतं?

मला वाटत होतं पत्ता कॉम्प्युटरमध्येच कुठंतरी लिहिलेला असतो. तसा तो लिहून ठेवता येतो, पण घरोघरी बहुतेक वेळा तो मागून घेतलेला असतो. मागण्याच्या ह्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ साली ती पहिल्यांदा नियमात आली, आज चालते तिचा मूळ मसुदा १९९७ चा. पत्ता मागतात आणि तो ठरावीक मुदतीसाठी मिळतो. आमच्याकडे गावच्या जत्रेत पंच कमिटी पाळण्यांना आणि खेळण्यांच्या दुकानांना जागा देते, ती जत्रेपुरती. मुदत संपली की जागा कमिटीची. डीएचसीपीचा पत्ता तसाच आहे, आणि कुणाला कोणती जागा दिली ते लिहिणारी वही एकाच हातात असायला हवी.

हे मागणं-देणं डोळ्यांनी बघता येतं हे मला माहीत नव्हतं. पुतण्यानं वायरशार्क नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घालायला सांगितला. लॅपटॉपच्या वाय-फायवरून जे काही ये-जा करतं ते त्यात ओळीनं दिसतं. सुरुवातीला नुसता पूर येतो, काहीच समजत नाही. वरच्या गाळणीच्या जागेत डीएचसीपी असं टाइप केलं की पूर ओसरतो आणि तेवढ्याच ओळी राहतात. (जुन्या व्हिडिओंत तिथं बूटपी टाइप करायला सांगतात. बूटपी ही १९८५ ची आधीची पद्धत, डीएचसीपी तिच्यावरच उभी आहे. नव्या आवृत्तीत डीएचसीपी टाइप करायचं.) मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिगपुढं तिरपी रेघ देऊन रिलीज, म्हणजे लॅपटॉप हातातला पत्ता सोडतो. नंतर तसंच रिन्यू, म्हणजे तो नव्यानं मागतो. आणि पडद्यावर ओळी उमटायला लागतात.

पहिली ओळ डिस्कव्हर. लॅपटॉपकडे ह्या वेळी पत्ता नाही, म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० असतं. पत्ते देणारा कोण आहे हेही त्याला माहीत नाही, म्हणून पाठवायचं कुणाला त्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे घरातल्या सगळ्यांना. कुणी आहे का पत्ता देणारं, एवढाच त्याचा अर्थ. ओळख म्हणून तो आपला मॅक अ‍ॅड्रेस देतो. तो वाय-फायच्या चिपवर कारखान्यातच घातलेला ४८ बिटांचा आकडा. दुसरी ओळ ऑफर: देणारा म्हणतो, हा घे, हा पत्ता आहे, हा मास्क, हा गेटवे, नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस हा, आणि मुदत एवढी. तिसरी ओळ रिक्वेस्ट: लॅपटॉप म्हणतो, मला तो पत्ता चालेल. चौथी अ‍ॅक: देणारा म्हणतो, लिहून ठेवला, वापर.

चार ओळी. पुस्तकात चारच असतात. माझ्या पडद्यावर पाच होत्या.

ऑफर दोन होत्या. एक १९२.१६८.१.१ कडून आणि एक १९२.१६८.०.१ कडून. मी वाचून दाखवलं तर फोनवर पुतण्या मोठ्यानं म्हणाला, "काकू, घरात दोघं पत्ते वाटालेत! माजघरातला राउटरपण देऊलाय बघा." मला तो क्षण फार आवडला. इतके महिने जे कधी असं कधी तसं वाटत होतं त्याला पडद्यावर ठळक दोन ओळींचं कारण होतं.

तिसऱ्या ओळीचाही अर्थ मला तेव्हाच लागला. एकाच देणाऱ्याला होय म्हणायचं तर रिक्वेस्ट पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी का पाठवायची? कारण त्या निरोपात कोणाची ऑफर घेतली ते लिहिलेलं असतं. ज्याची घेतली नाही त्यालाही कळायला हवं, म्हणजे त्यानं राखून ठेवलेला पत्ता तो परत मोकळा करतो. दोन देणारे असू शकतात, हे ही पद्धत रचणाऱ्यांनी सुरुवातीपासून धरलं आहे. आमच्या घरात बिघडत होतं ते दोघांच्या दोन वेगळ्या वह्या असल्यानं.

भावजींनी केबल दुसऱ्या राउटरच्या लॅन लिहिलेल्या, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, भोकात घातली होती. त्यामुळे सोपा आणि माजघर एकच नेटवर्क झालं होतं, आणि मला हवंही तेच होतं. पण राउटर मुळात एकट्यानं घर सांभाळायला बनवलेला असतो. पत्ते देण्याचं काम त्याच्यात कारखान्यातूनच चालू असतं. तो प्रामाणिकपणे आपले १९२.१६८.० चे पत्ते देत होता आणि गेटवे म्हणून स्वतःचंच नाव सांगत होता. त्याच्या बाहेरच्या भोकात, वॅनमध्ये, मात्र काहीच जोडलेलं नव्हतं. त्याच्याकडून पत्ता घेणाऱ्याला वाय-फाय पूर्ण दिसणार आणि इंटरनेट अजिबात मिळणार नाही.

आणि लाईट? ती जोडणीही जुळली. एका दुपारी मुख्य बटण बंद करून पुन्हा लावलं आणि दोन्ही डब्यांसमोर बघत बसले. माजघरातला जुना राउटर लवकर उठतो. सोप्यातल्या फायबरच्या डब्याला आधी तारेतून येणाऱ्या उजेडाशी जुळवून घ्यावं लागतं, मग कंपनीकडं आपली ओळख पटवावी लागते. तो बऱ्याच वेळानं तयार होतो. मधल्या काळात घरातलं जे यंत्र पत्ता मागेल त्याला उत्तर द्यायला एकटा माजघरातला राउटर. म्हणून लाईट आल्यावर गोंधळ. आणि रीस्टार्ट केल्यावर कधी सुधारायचं, कधी नाही, ते कोण आधी उठला आणि कुणाची ऑफर लॅपटॉपपर्यंत आधी पोचली ह्यावर होतं. सासूबाईंचा मोबाइल बॅटरीवर चालू राहायचा आणि त्यांची खुर्ची सोप्यात, मोठ्या डब्याजवळ. लाईट आल्यावर तो बराच उशिरा त्या डब्याच्या वाय-फायला लागायचा, म्हणून बहुतेक वेळा त्यांचं कीर्तन चालू.

दुरुस्ती समजुतीच्या मानानं अगदी लहान होती. लॅपटॉप केबलनं जुन्या राउटरला जोडला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाइप केलं, पासवर्ड घालून त्याच्या सेटिंगच्या पानावर गेले. आधी लॅन ह्या भागात त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, म्हणजे तो मुख्य डब्याच्याच नेटवर्कमध्ये आला आणि पुढेही त्याचं पान उघडता येईल. पण १.२ हा पत्ता मुख्य डबा दुसऱ्या कुणाला देऊन बसला तर पंचाईत. म्हणून आधीच मुख्य डब्याच्या पानावर बघून घेतलं होतं की तो कुठपासून कुठपर्यंत पत्ते वाटतो. आमचा १०० ते २०० वाटतो. त्या पट्ट्याबाहेरचा आकडा निवडला. मग जुन्या राउटरचं डीएचसीपी सर्व्हर बंद केलं. संपलं. आता तो नुसता सिग्नल पुढं पोचवतो. काही राउटरांत ह्यासाठी अ‍ॅक्सेस पॉइंट मोड नावाचं एकच बटण असतं; आमच्यात नव्हतं.

केबल वॅनच्या भोकात घालावी असंही एकानं सुचवलं होतं. त्यानं इंटरनेट चाललं असतं, पण माजघर आणि सोपा ही दोन वेगळी नेटवर्कं राहिली असती. सोप्यात बसून मोबाइलवरून माजघरातल्या प्रिंटरवर काही पाठवता आलं नसतं. म्हणून मी ते केलं नाही.

बदल केल्यावर एक गोष्ट मुद्दाम करून बघितली. दोघांमधली केबल काढली आणि लॅपटॉप माजघरातल्या राउटरवरच ठेवला. आता पत्ता देणारं कुणीच नाही, मग काय दिसेल? लॅपटॉप काही वेळ मागत राहिला आणि मग आयपीकॉन्फिगमध्ये १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता आला, गेटवेची जागा रिकामी. हा पत्ता कुणी दिलेला नसतो. मागूनही उत्तर आलं नाही की यंत्र ह्या राखीव पट्ट्यातला एक आकडा स्वतःच निवडतं, तो आणखी कुणी वापरत नाही ना हे विचारून घेतं आणि लावून घेतं. १६९.२५४ दिसला की मी आता इंटरनेट कंपनीला फोन करत नाही. बिघाड लॅपटॉप आणि डबा ह्यांच्या मधेच कुठंतरी आहे हे नक्की. केबल परत जोडली तेव्हा हातानं काही करावं लागलं नाही. विंडोज मागून-मागून, साधारण पाच मिनिटांनी एकदा, पुन्हा विचारत राहतं. त्यामुळे आता लाईट आल्यावर फायबरचा डबा उशिरा उठला तरी लॅपटॉप आपोआप मार्गी लागतो.

प्रिंटरचा प्रश्न अजून पूर्ण गेला नव्हता. पत्ता मुदतीचा असतो. आमच्या डब्याची मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस. यंत्र चालू असेल तर निम्मी मुदत झाल्यावर ते स्वतःच मुदत वाढवून मागतं आणि बहुधा तोच पत्ता पुढं चालू राहतो. पण डबा बंद होऊन चालू झाला की कुणाला काय दिलं होतं ते आमचा डबा विसरतो. प्रिंटर आज १०३ वर, उद्या १०६ वर. मी लॅपटॉपमध्ये प्रिंटर जोडताना त्याचा पत्ता घातला होता, तो जुना व्हायचा.

उपाय असा की त्या प्रिंटरला कायम एकच पत्ता द्यायचा, आणि तो प्रिंटरमध्ये न लिहिता मुख्य डब्याच्या वहीत लिहायचा. ह्याला रिझर्व्हेशन म्हणतात. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क रिपोर्ट छापून घेतला, त्यावर त्याचा मॅक अ‍ॅड्रेस होता. डब्याच्या पानावर तो मॅक आणि त्यापुढं १९२.१६८.१.१५० असं लिहून सेव्ह केलं. ही नोंद सेटिंगमध्ये राहते, लाईट गेली तरी पुसत नाही. प्रिंटर नेहमीसारखाच पत्ता मागतो, पण त्याला दरवेळी १५० च मिळतो, आणि डबा १५० दुसऱ्या कुणाला देत नाही. थेट प्रिंटरमध्ये पत्ता लिहिला असता तर डब्याला ते कळलं नसतं. कुणाकडं पाहुणे आले, मोबाइल वाढले, आणि डब्यानं तोच आकडा पाहुण्याला दिला, की एका पत्त्यावर दोन यंत्रं. मला ही पद्धत जास्त विश्वासाची वाटते.

हे करताना डब्याच्या यादीत सगळी यंत्रं ओळखून घेतली. मोबाइल ओळखणं मात्र जड गेलं. कारण अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून मोबाइल खरा मॅक न दाखवता प्रत्येक वाय-फायसाठी एक बनावट मॅक वापरतात, बाजारातल्या वाय-फायवाल्यांना माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून. तो ओळखायची खूण आहे: मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असलं की तो बनावट. सासूबाईंचा मोबाइल मी तसाच शोधला. त्याचं ते लपणं मी बंद केलं नाही. ते त्यांच्या भल्याचंच आहे.

इथपर्यंत घर झालं. बाहेरची बाजू शेजाऱ्यांमुळे समजली. त्यांचा मुलगा गोव्यात कामाला असतो. घरी म्हातारी आई एकटी, म्हणून त्यानं अंगणात कॅमेरा बसवला आणि तिकडून बघता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून ठेवलं. म्हणजे बाहेरून ठरावीक दारावर कुणी आलं की राउटरनं त्याला थेट कॅमेऱ्याकडं धाडायचं. सेटिंग अचूक होतं, पण बाहेरून काही दिसत नव्हतं. मावशी मला म्हणाल्या, "तू ते आकडे बघतीस म्हणे, जरा बघ बाई." मी त्यांच्या राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅनचा पत्ता बघितला. तो १०० नं सुरू होत होता, दुसरा आकडा ७२.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवला आहे, सुमारे ४२ लाख पत्ते. बाहेरचे खरे पत्ते पुरेनात, म्हणून कंपनी प्रत्येक घराला ह्यातला एक देते आणि पुष्कळ घरांना मिळून बाहेरचा एक खरा पत्ता वापरते. घराच्या राउटरनं आतल्या यंत्रांसाठी जे केलं तेच कंपनी घरांसाठी करते. आतून बाहेर जाताना हे जाणवतही नाही. पण बाहेरून आत यायचं तर कंपनीच्या यंत्राला कळत नाही की हे कोणत्या घरचं, कारण तिथल्या वहीत तशी नोंद नसते आणि ती आपल्याला लिहिता येत नाही. त्या मुलानं राउटरमध्ये काहीही केलं असतं तरी कॅमेरा दिसला नसता. मी त्याला फोनवर दोन वाटा सांगितल्या: कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घ्यायचा, किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप वापरायचं, ज्यात कॅमेरा स्वतःच बाहेर जाऊन जोडून घेतो. त्यानं अ‍ॅप घेतलं, पासवर्ड कारखान्यातला होता तो बदलायला लावला. मावशींना आता संध्याकाळी फोन येतो, "आई, दिवाबत्ती झाली काय?"

तिसरी वाट आयपीव्ही६ ह्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीची आहे आणि मी सध्या ती शिकते आहे. आयपीकॉन्फिगच्या ज्या लांबलचक ओळी मी आधी सोडून देत होते त्या ह्याच्या. ह्यात पत्ता १२८ बिटांचा, इतका मोठा की प्रत्येक प्रिंटरला, कॅमेऱ्याला बाहेरचा खरा पत्ता देता येतो. एफई८० नं सुरू होणारा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो आणि तो यंत्र स्वतःच बनवतं. २ नं सुरू होणारा असला तर तो जगभर चालणारा. तो मिळवण्याची रीतही निराळी: राउटर अधूनमधून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो की ह्या घराच्या पत्त्याचा पुढचा अर्धा भाग हा आहे, आणि मागचा अर्धा प्रत्येक यंत्र आपला आपण जोडतं. वही ठेवावी लागत नाही. पण सांगणारे दोघे असले तर इथंही घोळ होऊ शकतो, म्हणून माजघरातल्या राउटरचं पान पुन्हा उघडून बघितलं. तो इतका जुना की त्यात आयपीव्ही६ चं सेटिंगच नाही. राउटरचं हे सांगणं ज्या निरोपांतून येतं त्या आयसीएमपीव्ही६ ची गाळणी वायरशार्कमध्ये लावून खात्री केली: राउटर म्हणून बोलणारा आवाज सोप्यातून येतो, एकच.